पद्मेपलीकडच्या शाळकरी मुली



बांगलादेशाचे नाव काढले, की आपल्या डोळ्यांपुढे पूर, चक्रीवादळ आणि डोक्यावर बोचके घेऊन निघालेली माणसे उभी राहतात. "त्या गरीब मुलखात जाऊन तुम्ही काय बघणार?" असे आमच्या कचेरीतल्या दोघा-तिघांनी मला विचारलेही. मी पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी. भात, ताग आणि घरामागच्या तळ्यातले मासे हे तिकडच्या शेतकऱ्याचे तीन आधार. ते एकदा डोळ्यांनी पाहावेत म्हणून २०१८ च्या सप्टेंबरात आम्ही चार सहकाऱ्यांनी रजा काढली आणि पदरचे पैसे घालून पद्मा नदीच्या त्या मुलखात बारा दिवस फिरून आलो.

भात पाहिला, ताग पाहिला, मासेही पाहिले. त्यांच्याविषयी पुन्हा कधी लिहीन. आज सांगायचे आहे ते तिथल्या शाळेत जाणाऱ्या मुलींविषयी. ज्यांच्या घरात सातवी-आठवीत शिकणारी लेक आहे, त्यांनी हे जरूर वाचावे. ज्या घरात म्हातारी माणसे निर्णय घेतात, तिथे त्यांना जवळ बसवून वाचून दाखवावे.

जेसोरचा रस्ता

कलकत्त्याच्या सियालदह स्टेशनातून लोकल गाडीने बनगावला उतरायचे, तिथून रिक्षाने पेट्रापोलच्या सरहद्दीवर जायचे, कागदपत्रे दाखवायची आणि चालतच पलीकडे बेनापोलला पोचायचे. माणसे तशीच, माती तशीच, भाषाही दोन्हीकडे बंगालीच. बेनापोलपासून जेसोरपर्यंतच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना जुनी प्रचंड विलायती शिरीषाची झाडे आहेत. त्यांच्या फांद्या वर एकमेकींत गुंतलेल्या, त्यामुळे भर दुपारीही रस्त्यावर सावली.

भाद्रपद चालू होता. आपल्या कोकणातल्या खाचरांची आठवण व्हावी असा हिरवागार अमन भात दोन्हीकडे उभा. खड्डे, डबकी, नाले जिथे पाणी दिसेल तिथे तागाच्या पेंढ्या बुडवून ठेवलेल्या. पंधरा-वीस दिवसांनी पेंढी कुजली, की बायामाणसे पाण्याकाठी बसून तिचे धागे सोलतात. त्या कुजलेल्या तागाचा वास नाकात बसला, की दिवसभर जात नाही. सोललेल्या पांढऱ्या काड्या रस्त्याच्या कडेला त्रिकोणी रचून वाळत ठेवलेल्या. त्या जळणाला आणि कुडाला उपयोगी पडतात. शेतीतले काही वाया घालवायचे नाही, ही तिथली रीत.

एवढ्यात शाळेची वेळ झाली आणि रस्ता मुलींनी भरून गेला. निळ्या कमीजा, पांढऱ्या ओढण्या, खांद्याला दप्तरे. काही पायी, काही सायकलवर. सहा-सातजणी मिळून तीनचाकी सायकलगाडीच्या फळीवर पाय सोडून बसलेल्या. या गाडीला तिकडे 'व्हॅन' म्हणतात. आमच्यातला एकजण सहज मोजू लागला. त्याच्या मोजणीत मुलगे कमी आणि मुली जास्त निघाल्या. योगायोग असेल म्हणून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी मोजले. तिथेही तसेच.

आता या मुलखाची अडचण ध्यानात घ्या. बांगलादेशाचे क्षेत्रफळ आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही थोडे कमी, आणि माणसे साडेसोळा कोटींहून जास्त. एकेका घराला जमीन म्हणजे चार-दोन वाफे. १९७४ साली तिथे मोठा दुष्काळ पडला होता. १९७५ च्या सुमारास एकेका बाईला सरासरी सहाहून अधिक मुले होत. मुलगी वयात आली की तिला घराबाहेर पाठवायचे नाही, ही चाल घट्ट होती. अशा ठिकाणी शेतकऱ्याची पोर हायस्कुलात कशी पोचली? हे कोडे एका म्हाताऱ्या हेडमास्तरांनी उलगडून सांगितले.

पंचवीस टाक्यांची गोष्ट

जेसोरजवळच्या एका खेड्यात आम्ही चहा प्यायला थांबलो होतो. दुकानातच हे निवृत्त गुरुजी भेटले. आमच्यातला एकजण नागपुरात बंगाली शेजारात वाढलेला, त्यामुळे बोलण्याची अडचण पडली नाही. गुरुजी म्हणाले, "दादा, मी नोकरीला लागलो तेव्हा नववीच्या वर्गात बाके तीसजणांची आणि मुली तीन."

मग १९८२ साली चांदपूर जिल्ह्यातल्या शाहरास्ती तालुक्यात एक प्रयोग झाला. हायस्कुलात जाणाऱ्या मुलींना दरमहा थोडी शिष्यवृत्ती द्यायची. प्रयोग जमला, हळूहळू वाढवला आणि १९९४ पासून शहरे वगळून साऱ्या देशभर लागू झाला. सहावीच्या मुलीला महिना २५ टाका, सातवीला ३०, आठवीला ३५, नववी-दहावीला ६०. शिवाय फी माफ, आणि त्या फीची रक्कम सरकार शाळेला देणार. अटी तीन. हजेरी शेकडा ७५ हवी, वार्षिक परीक्षेत शेकडा ४५ गुण हवेत, आणि शाळा संपेपर्यंत मुलगी अविवाहित हवी.

मी गुरुजींना विचारले, "पंचवीस टाक्यांत काय होते हो? वह्या-पेन्सिली आल्या, की संपले."

गुरुजी हसले. म्हणाले, "पैशाने पोट भरत नव्हते, हे खरे. पण तीन गोष्टी झाल्या. पहिली, दर मुलीमागे शाळेला फी मिळू लागली. मग आम्ही मास्तर लोकच दारोदार मुली शोधत फिरू लागलो. दुसरी, ते पैसे वर्षातून दोनदा मुलीच्या स्वतःच्या नावाच्या बँक खात्यात येत. ज्या घरात बापाचे खाते नव्हते, त्या घरात पोरीचे खाते निघाले. आणि तिसरी सगळ्यात मोठी. गल्लीत लोक विचारीत, एवढी घोडी झाली, अजून शाळेत कशाला पाठवता? बापाजवळ आता उत्तर होते. सरकारच पाठवायला सांगते, लग्न केले तर पैसे बंद होतील."

मंडळी, हे तिसरे कारण मला फार पटले. आपल्याकडेही लेक शिकवायला बापाची ना नसते. त्याला भीती असते ती चार लोकांच्या तोंडाची. त्या तोंडाला उत्तर देण्याची सोय झाली, की निम्मे काम होते. १९९१ साली बांगलादेशातल्या हायस्कुलांत सुमारे ११ लाख मुली होत्या. २००५ साली त्या ३९ लाखांवर गेल्या. म्हणजे चौदा वर्षांत साडेतीनपट. खतपाण्याच्या जोरावर एखाद्या पिकाचे उत्पादन एवढे वाढले असते, तर आम्ही शेतीखात्याच्या लोकांनी गावोगाव फटाके उडवले असते.

नावेतली शाळा

जेसोरहून आम्ही उत्तरेकडे जाणारी आगगाडी धरली. ईश्वरदीजवळ पद्मा नदी लागते. पद्मा म्हणजे आपली गंगाच, सरहद्द ओलांडली की तिचे नाव बदलते. तिच्यावरचा हार्डिंग पूल १९१५ सालचा, सुमारे १८०० मीटर लांबीचा. गाडी पुलावरून धडधडत जाते आणि खाली गढूळ पाण्याचा समुद्र. पलीकडे नाटोरला उतरून आम्ही चलन बिलाकडे गेलो.

बिल म्हणजे सखल पाणथळ मुलूख. पावसाळ्यात मैलोन् मैल पाणी, त्यात मधूनच उंचवट्यावर दहा-वीस घरे, केळीची बने आणि गोठे. पाणी ओसरले, की त्याच जमिनीत मोहरी आणि उन्हाळी भात. अशा ठिकाणी पावसाळ्याचे चार महिने शाळा म्हणजे दूरची गोष्ट. मुलगे पोहत, नावेत लटकत कसेबसे जातील. मुलीला कोण पाठवणार?

महंमद रेझवान नावाच्या, याच भागात वाढलेल्या एका वास्तुशास्त्रज्ञाने यावर तोड काढली. पोरांना शाळेत पोचता येत नाही, तर शाळाच पोरांकडे न्यायची. 'शिधुलाई स्वनिर्भर संस्था' या त्यांच्या संस्थेने २००२ साली पहिली नाव-शाळा पाण्यात सोडली. नाव साधीच, त्या भागातले सुतार बांधतात तशीच. वर छत, छतावर सौर विजेची तावदाने, आत बाके आणि फळा. सकाळी नाव एकेका घाटाला लागते, मुले चढतात. सगळी गोळा झाली, की ती काठाला बांधून वर्ग भरतो. वर्ग सुटला, की पुन्हा ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या घाटावर सोडते.

आम्ही काठावर उभे राहून पाहिले. एका घाटावर एक आई कमरेवर धाकटे मूल घेऊन उभी होती. थोरली सात-आठ वर्षांची मुलगी नावेत चढली, बाकावर बसली. आई नाव दिसेनाशी होईपर्यंत थांबली नाही. लगेच वळून कामाला लागली. तिला काळजीच नव्हती, कारण शाळा दारातून लेकीला घेऊन जात होती आणि दारातच आणून सोडणार होती.

मुलीच्या शिक्षणाचा सर्वांत मोठा शत्रू अंतर आहे, हे मला तिथे उमगले. चार किलोमीटरची वाट मुलाला चार किलोमीटर असते. मुलीच्या आईला ती चाळीस वाटते. याच संस्थेच्या काही नावांवर मोठ्या माणसांना, विशेषतः बायकांना, शेतीचे शिक्षणही मिळते. ते पाहून मला आमच्या खात्याची जीप आठवली आणि थोडा हेवाही वाटला!

वहीतला हिशेब

तिथून पुढे बोगरामार्गे रंगपूर. हा उत्तरेचा भाग पूर्वी 'मंगा'साठी बदनाम होता. मंगा म्हणजे आश्विन-कार्तिकातली उपासमार. अमन भात शेतात उभे, घरातले धान्य संपलेले, आणि मजुरीला काम नाही. आपल्याकडच्या जुन्या माणसांना श्रावण-भाद्रपदातली कणगी रिकामी होण्याची कळ माहीत आहे, तशीच ही. यावर तिथल्या भात संशोधन संस्थेने लवकर येणारी वाणे दिली. त्यांतले ब्री धान ३३ हे वाण पाऊणशे-शंभर नव्हे, पण एकशेअठरा दिवसांच्या आसपास येते आणि नेहमीच्या अमनाआधी कापणीला तयार होते. कापणी लवकर, म्हणजे मजुरी लवकर, आणि मोकळ्या रानात बटाटाही लवकर.

अशाच एका घरी आम्ही गेलो. घरधनी बाजाराला गेला होता. बाई पस्तिशीच्या आतल्या. अंगणात कोंबड्या, परसात दुधी आणि पुई भाजीचे मांडव. मी सवयीने विचारले, "कोंबड्यांपासून काय सुटते?" आपल्याकडे या प्रश्नाला "सुटते की थोडेफार" असे उत्तर मिळते. बाई आत गेल्या आणि एक वही घेऊन आल्या. तारीख, अंडी किती, विकली किती, घरी खाल्ली किती, दाणा किती, औषध किती. महिन्याअखेर रेघ मारून बेरीज. युरियाच्या पोत्यावरचे आकडेही त्यांनी आम्हाला वाचून दाखवले आणि आपल्या तुकड्याला किती लागतो तेही सांगितले. तीस वर्षांच्या नोकरीत अशी वही मी फार थोड्या घरांत पाहिली आहे.

"शिकलात किती, ताई?" आम्ही विचारले.

"आठवी. शिष्यवृत्ती होती. मग लग्न झाले." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "दहावी झाले असते, तर कोंबड्यांना लस टोचणारी बाई मीच झाले असते. आता दुसऱ्या गावची येते."

हे वाक्य नीट समजून घेण्यासारखे आहे. आपण विचारतो, मुलगी शिकून काय करणार, शेवटी चूलच ना? बांगलादेशात याला खेड्यातच उत्तर मिळाले. कोंबड्यांना मानमोडीचा रोग येतो आणि एका आठवड्यात खुराडे रिकामे होते. तिथल्या 'ब्रॅक' या संस्थेने सरकारच्या पशुसंवर्धन खात्याशी मिळून गावोगावच्या बायकांना लस टोचायला शिकवले. पहाटे कोंबड्या सुटण्याआधी ही बाई दारोदार जाते आणि दर कोंबडीमागे थोडा मोबदला घेते. १९९० च्या दशकात प्राथमिक शिक्षकांच्या शेकडा ६० जागा स्त्रियांसाठी ठेवल्या गेल्या. कुटुंबनियोजनाचा सल्ला घरोघर द्यायला त्याच भागातल्या शिकलेल्या बायका हजारोंनी नेमल्या. पडद्यातल्या बाईच्या उंबऱ्याच्या आत पुरुष कर्मचारी जाऊ शकत नाही, बाईच जाऊ शकते. पण त्यासाठी त्या गावात नोंद लिहू शकणारी बाई आधी तयार व्हावी लागते.

जुलाबाच्या औषधाची हकीगत याहून बोलकी आहे. १९८० ते १९९० या दहा वर्षांत ब्रॅकच्या बायका देशभर घरोघर फिरल्या आणि सुमारे सव्वा कोटी घरांतल्या आयांना एक साधी गोष्ट शिकवली. मुलाला जुलाब झाले, तर तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी ढवळून पाजायचे. शिकवून त्या निघून जात. काही दिवसांनी दुसरा माणूस येऊन आईला प्रश्न विचारी. आईच्या ध्यानात जेवढे राहिले असेल, त्या मानाने शिकवणारीला पैसे मिळत. आयांपैकी बहुतेक निरक्षर होत्या. शिकवणाऱ्या मात्र लिहिता-वाचता येणाऱ्या होत्या. एक शिकलेली बाई शंभर न शिकलेल्या बायकांची मुले कशी वाचवते, ते यात दिसते. आपल्याकडे आता आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे तयार पुड्या मिळतात, तेव्हा घरात पुडीच ठेवावी.

या सगळ्याचे फळ काय? १९९३-९४ च्या पाहणीत तिथे जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी १३३ पाच वर्षांची होण्याआधी दगावत होती. २०२२ च्या पाहणीत ती संख्या ३१ वर आली. एकेका बाईमागे मुले १९७५ च्या सुमारास ६.३ होती, ती २.३ झाली. याचे सारे श्रेय शाळेला देणे बरोबर होणार नाही. लसी आल्या, रस्ते झाले, भाताचे उत्पादन वाढले. पण लस असो की बियाणे, ते घरात पोचवणारी आणि घरात समजून घेणारी बाई शिकलेली असली, की सगळेच लवकर रुजते. विस्ताराच्या कामात आयुष्य घालवलेला माणूस म्हणून हे मी खात्रीने सांगतो.

पायराबंदची लेक

रंगपूरपासून जवळच मिठापुकुर तालुक्यात पायराबंद नावाचे खेडे आहे. तिथे १८८० साली बेगम रोकेया यांचा जन्म झाला. जमीनदाराचे घर, पण मुलींनी बंगाली किंवा इंग्रजी शिकायचे नाही असा दंडक. थोरला भाऊ रात्री सगळे झोपल्यावर मेणबत्तीच्या उजेडात बहिणीला शिकवी. पुढे त्यांचे लग्न भागलपूरच्या सखावत हुसेन यांच्याशी झाले. नवऱ्याने त्यांना शिकायला, लिहायला उत्तेजन दिले आणि शाळेसाठी पैसे बाजूला ठेवले. १९०९ साली नवरा वारला. त्याच वर्षी रोकेयांनी भागलपूरला पाच मुलींची शाळा काढली. सासरच्या भांडणांमुळे ती हलवावी लागली आणि १९११ मध्ये कलकत्त्यात आठ मुलींवर पुन्हा सुरू झाली.

मुलींना आणायला मोटारगाडी ठेवली, ती चारी बाजूंनी बंद. आत हवा नाही, मुलींना घेरी येई. म्हणून झडपा काढून पडदे लावले, तर वाऱ्याने पडदे उडतात, मुली दिसतात, अशी तक्रारीची पत्रे येऊ लागली. बंद ठेवावे तर मुली गुदमरतात, उघडावे तर लोक ओरडतात. तरी शाळा चाललीच. त्या ९ डिसेंबर १९३२ ला वारल्या. तो दिवस बांगलादेशात रोकेया दिवस म्हणून पाळतात, आणि रंगपूरच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे.

त्यांच्या पडक्या वाड्यासमोर उभे असताना आम्हा चौघांच्याही तोंडून एकच नाव निघाले. सातारा जिल्ह्यातल्या नायगावची सावित्री. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात शाळा सुरू झाली, तेव्हा रोकेयांचा जन्म व्हायला बत्तीस वर्षे अवकाश होता. दोघींनाही घरच्या पुरुषाने अक्षर ओळखायला शिकवले आणि दोघींनीही ते साऱ्या मुलखात वाटले. वाट आपण आधी पाडली होती, हे विसरू नये.

नाण्याची दुसरी बाजू

आता दुसरी बाजू सांगितली नाही, तर हा लेख खोटा ठरेल. बांगलादेशात आजही सुमारे निम्म्या मुलींची लग्ने अठराच्या आत होतात. कायद्याने वय अठराच आहे. तरी २०१७ च्या कायद्यात 'विशेष परिस्थिती'ची पळवाट ठेवली आहे. शिष्यवृत्तीत लग्नाची अट होती, मग असे का? रंगपूरकडच्या एका बापाने हिशेब मांडला. पोरगी जितकी मोठी, तितका हुंडा जास्त मागतात. शिष्यवृत्ती महिन्याला काही टाके, हुंडा हजारांत. तराजू कुठे झुकणार?

म्हणजे शाळेची सुरुवात करून दिली, पण वाट मध्येच तुटते. आठवीपर्यंत शिकलेली मुलगी वही लिहिते, पोते वाचते, मुलाला औषध पाजते. हे काही थोडे नाही. पण लस टोचणारी, शिक्षिका किंवा परिचारिका होण्यासाठी दहावी-बारावी लागते. नफ्याचा मोठा भाग त्या शेवटच्या तीन-चार वर्षांत आहे, आणि नेमके तेव्हाच पीक फुलोऱ्यात असताना आपण पाणी तोडतो.

कापड शिवण्याच्या कारखान्यांचेही असेच. तिथे लाखो बाया काम करतात. कारखान्यांजवळच्या खेड्यांत मुली जास्त वर्षे शाळेत राहतात आणि लग्नेही उशिरा होतात, असे अभ्यासकांना आढळले आहे. हिशेब येणाऱ्या मुलीला तिथे बरे काम मिळते, हे आईबापांना दिसते. पण २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा ही कारखान्यांची इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे गेली. त्यांत बहुतेक बायाच होत्या. लेक कमावती झाली, एवढ्याने समाजाची जबाबदारी संपत नाही.

आपले अंगण

परक्याच्या अंगणातला केर दाखवून आपण मोकळे होऊ नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या शंभर स्त्रियांपैकी जवळजवळ बावीसजणींचे लग्न अठराच्या आत झाल्याचे दिसले. बीड, परभणी, जालना या जिल्ह्यांत प्रमाण याहून बरेच अधिक. कारण आपल्याला ठाऊक आहे. ऊसतोडीला मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा पोरगा अर्धा कोयता. मग दिवाळीआधी लग्न उरकायचे आणि पोरीच्या हाती दप्तराऐवजी कोयता द्यायचा. जिथे आईबाप सहा महिने फडावर, तिथे वयात आलेली मुलगी गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची, हाही त्यांचा खरा प्रश्न आहे. त्यांना नुसती नावे ठेवून तो सुटणार नाही.

पण सोयी आहेत, त्या वापरल्या पाहिजेत. बारावीपर्यंत मुलींना फी नाही. एस.टी.चा पास अहिल्याबाई होळकर योजनेत फुकट मिळतो. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ पासून संत भगवानबाबा वसतिगृहे निघाली आहेत. वर्षाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर व्यवसायशिक्षणाला प्रवेश घेणाऱ्या मुलींची शिकवणी व परीक्षा फी जुलै २०२४ च्या निर्णयाने माफ झाली आहे. चलन बिलातल्या माणसाला शाळेसाठी नाव बांधावी लागली. आपल्याला पुष्कळ ठिकाणी केवळ एस.टी.ची वेळ शाळेच्या वेळेशी जुळवून घ्यायची आहे. ग्रामसभेने ठराव करून आगारात दिला आणि पाठपुरावा केला, तर हे काम होण्यासारखे आहे.

म्हणून, वाचकहो, माझी एवढीच विनंती. येत्या जूनच्या आधी गावातल्या सातवी ते दहावीच्या मुलींची यादी करा. कोणाची शाळा कुठे, जायचे कसे, पास निघाला का, बँकेत खाते आहे का, वसतिगृहाचा अर्ज भरला का, हे प्रत्येकीच्या नावापुढे लिहा. जी मागे पडते आहे, तिच्या घरी गुरुजी, सरपंच आणि एक शिकलेली बाई अशी तिघे मिळून जा. बापाला उपदेश करू नका. त्याची अडचण विचारा आणि ती सोडवा. ही यादी लिहायला गावातलीच एखादी दहावी-बारावी झालेली लेक किंवा सून बसवा. आणि यादीतले पहिले नाव आपल्या घरातले असू द्या.